ओळंबा

धर्मगुरूच्या आयुष्यात घरभेटीसारखा दुसरा गुरू नाही, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, धर्मसभेचा कायदा शिकलो. परीक्षेत गुणही बरे मिळाले. परंतु शिकलेले विसरून पुन्हा नव्याने शिकावे लागते, तो वर्ग मात्र लोकांच्या ओट्यावर भरतो. अशाच एका ओट्यावर आम्हांस मिळालेला धडा वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात आमची शोभा नाही. तरीही तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

गोष्ट जून 2022 मधली. टाळेबंदीची दोन वर्षे सरून शाळा पुन्हा गजबजल्या होत्या. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आई कार्यालयात आली. तिला आपल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. मुलगा चौथीत जाणार होता. दुसऱ्या शाळेत घालायचे आहे का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "नाही फादर, घरीच शिकवणार आहे." धर्मग्रामाच्या शाळेचे व्यवस्थापक या नात्याने तिची समजूत घालण्याचे काम मुख्याध्यापिकांनी आमच्याकडे सोपवले होते. आम्ही समजूत घातली नाही, आम्ही रागावलो. ज्या शाळेसाठी आपल्या वाडवडिलांनी वाडीतली केळी विकून वर्गणी दिली, ती शाळा हिला पुरत नाही? आम्ही म्हणालो, "बाई, चूल आणि फळा एका हाताने सांभाळता येत नाहीत. उद्या पोराचे नुकसान झाले, तर आमच्याकडे रडत येऊ नका."

ती रडली नाही. दाखला पदराखाली धरून, "येते फादर," एवढेच बोलून पावसात निघून गेली. आम्ही पुढच्या कागदावर सही केली.

पुढच्या वर्षी ईस्टरनंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही आळीआळीतून फिरत होतो. तिचे घर आले, तेव्हा पाय क्षणभर अडखळले, हे कबूल करतो. घर सासऱ्यांच्या वेळचे, कौलारू, पुढे ओटा आणि मागे वाडी. जुलै 2018 मध्ये वसईत पाणी तुंबले, तेव्हा या घरातही गुडघाभर पाणी शिरले होते. तेव्हापासून भिंतींना लोणा लागलेला, खांबांना वाळवी. एकदम सारे घर पाडून बांधण्याची ऐपत नाही. म्हणून हे कुटुंब दर वर्षी एक खोली दुरुस्त करते. त्या साली स्वयंपाकघराची पाळी होती. गॅस पडवीत आला होता, भांडी माजघरात, आणि पवित्र कुटुंबाची तसबीर एका खुर्चीवर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली.

या पसाऱ्यात शाळा चालू होती.

त्या माउलीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पती मुंबईला नोकरीस. त्यांचा डबा भरून, त्यांना लोकल मिळेल अशा बेताने घराबाहेर काढायचे. मग झाडलोट, सासूबाईंचे औषधपाणी, धाकट्याचे दूध. आठला तिन्ही मुलांसह प्रार्थना. त्यानंतर मोठ्या दोघांचा अभ्यास, तोही ठरावीक तासांचा नव्हे, तर घराच्या चालीने चालणारा. गवंडी आला, की गणित गवंड्यापाशी. पाऊस आला, की भूगोल पागोळ्यांपाशी. धाकटा झोपला, की वाचन. तो उठला, की वाचन संपले. दुपारी पाहुणे आले, तर सारे वेळापत्रक कोलमडते आणि ते संध्याकाळी पुन्हा उभे करावे लागते. "फादर, एक दिवस ठरवल्याप्रमाणे पार पडला, तर त्या दिवशी मी देवाचे वेगळे आभार मानते," ती हसून म्हणाली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मात्र हसत नव्हती.

मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. तो गवंड्याला घमेली मोजून देत होता. विटांच्या बांधकामाला एकास सहा, गिलाव्याला एकास चार. सिमेंट किती, रेती किती, हे त्याला तोंडपाठ होते. अर्धेच काम करायचे असेल तर माल किती कालवायचा, हे तो बोटांवर न मोजता सांगत होता. जमिनीवर काटकोन आखताना दोरीने तीन, चार आणि पाच फुटांचा त्रिकोण कसा धरायचा, ते त्याने आम्हांस करून दाखवले. आम्हांस हा सिद्धान्त नववीत पाठ करावा लागला होता. त्याचा उपयोग काय, ते आम्हांस पन्नाशी उलटल्यावर त्या पडवीत कळले. त्याची बहीण नव्या गिलाव्यावर पाणी मारत होती आणि किती दिवस झाले, ते कोळशाने जुन्या भिंतीवर लिहून ठेवत होती. आम्ही सहज विचारले, "वाळू द्यायचे सोडून ओले कशाला करतेस?" ती म्हणाली, "फादर, सिमेंट वाळून पक्कं होत नाही. सात दिवस ओलं ठेवलं, तर पक्कं होतं."

एवढ्यात मुलगा नव्या भिंतीपाशी गेला. भिंत पाच फूट उंच आलेली, आमच्या डोळ्यांना अगदी सरळ. आम्ही कौतुकाने म्हणालो, "छान उभी राहिली आहे!" त्याने मान हलवली. ओळंबा वरून सोडला, दोरी स्थिर होईपर्यंत श्वास धरून थांबला, मग वरचे आणि खालचे अंतर पट्टीने मोजले. "फादर, दिसायला सरळ आहे. पण ओळंब्याला विचारायला हवं." वरच्या दोन थरांनी तोल सोडला होता. गवंडी कुरकुरला, पण त्याने ते थर उतरवले.

मग त्या आईने एक परात पुढे आणली. परातीत चाळलेली रेती. मुलगा तीत बोटाने अक्षरे गिरवीत होता: 'म', मग 'भ', मग पुन्हा 'म'. घमेल्यांचा हिशेब क्षणात करणारा तो मुलगा 'भ' आणि 'म' यांच्यापाशी घामाघूम झाला होता. ती हळूच म्हणाली, "टाळेबंदीत घरी शिकवताना मला कळलं, फादर. ऐकलेलं सगळं त्याला समजतं. कागदावरची अक्षरंच त्याच्यासाठी जागेवर राहत नाहीत. डॉक्टरांनी तपासून तसं लिहून दिलं आहे. शाळेतून आणलेल्या प्रगतिपुस्तकावर मात्र 'आळशी' असा शेरा होता."

आम्ही आशीर्वादाची प्रार्थना कशीबशी पुरी केली आणि घरी परतलो.

त्या रात्री झोप आली नाही. 2007 साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला होता. आम्ही तो पाहिला होता, डोळे पुसले होते, आणि पुढच्या रविवारी त्यावर प्रवचनही केले होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, हे आम्ही शिक्षकांच्या सभेत वाचून दाखवले होते. आणि असा एक मुलगा प्रत्यक्षात आमच्याच शाळेच्या मागच्या बाकावर बसला होता, तेव्हा आम्ही त्याच्या आईला चुलीचे आणि फळ्याचे व्याख्यान दिले. दाखला का हवा, हा एकच प्रश्न विचारायचा होता. तो आम्ही विचारला नाही. वर्गशिक्षिकेला दोष देण्याचा मोह झाला. परंतु एका वर्गात साठ मुले तिच्यापुढे बसवणारे व्यवस्थापक आम्हीच होतो. भिंत दिसायला सरळ होती. ओळंबा कुणी सोडलाच नव्हता.

आमोस संदेष्ट्याला दृष्टान्तात प्रभू भिंतीपाशी हाती ओळंबा घेऊन उभा दिसला, हे आम्ही सेमिनरीत अभ्यासले होते. तो दृष्टान्त इस्राएलसाठी आहे, असेच आम्ही आजवर धरून चाललो होतो.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. धर्मगुरूला क्षमा देण्याची सवय असते, मागण्याची नसते. शब्द घशात अडकले. ती गवंड्याचा चहा गाळत होती. म्हणाली, "फादर, ते राहू द्या. मला गुरुवारी दुपारचे दोन तास हवेत." आम्ही गोंधळलो. ती म्हणाली, "मुलांना कुणी दोन तास सांभाळलं, तर मला झोपता येईल. गेल्या पावसाळ्यापासून मी दुपारची एकदाही आडवी झाले नाही."

तिने आमच्याकडे उपदेश मागितला नाही, शाबासकी मागितली नाही, झोप मागितली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या कुटुंबविषयक पत्रात हा हक्क कुणालाही हिरावून घेता येणार नाही, असे प्रतिपादिले. ही वचने आम्ही विवाहपूर्व शिबिरांत वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु ज्या बाईने ती अक्षरशः अंगावर घेतली, तिला दोन तासांची विश्रांती मिळते की नाही, याची चौकशी मात्र आम्ही केली नव्हती.

गुरुवारची सोय झाली. धर्मग्रामाच्या वाचनालयाची खोली दुपारी उघडू लागली. एका निवृत्त शिक्षिकेने जबाबदारी घेतली. मागाहून शाळेतली चार मुलेही येऊ लागली, कारण रेतीची परात त्यांनाही हवी होती. शाळेत आम्ही पहिल्या तीन इयत्तांची तपासणी करून घेतली. आणखी काही मुले निघाली. त्यांच्या प्रगतिपुस्तकांवरही तसेच शेरे होते.

वाचकांनी यावरून प्रत्येक आईने मुलांना शाळेतून काढावे, असा अर्थ कृपया काढू नये. ज्या घरी दोघांनाही मजुरीला जावे लागते, त्या घराला शाळा हाच आधार आहे. धर्मभगिनींनी खेडोपाडी शाळा उघडल्या नसत्या, तर आमच्या पिढीतील कित्येक मुली शिकल्या नसत्या. शिवाय घरच्या शिक्षणाची वाट सोपी नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शाळेचा विचार आहे. घरशिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली, की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते; या मुलाचाही तोच विचार आहे. तो पार पडेल का, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याची आईही सांगत नाही. "काही रात्री वाटतं, फादर, की तुम्ही म्हणालात तेच खरं ठरणार," असे ती एकदा म्हणाली. आमचे ते वाक्य तिच्या घरात अजून मुक्कामास आहे, हे तेव्हा आम्हांस कळले. क्षमा मागितल्याने वाक्य परत येत नाही.

तथापि शाळा आणि घर यांत आपण जी भिंत मानतो, ती मुळातच तितकी पक्की नाही. आपल्याच पालघर परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, ते काय होते? मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. मुले गुरे राखायला जात, तर शाळा कुरणात भरली. खडे, पाने, बिया हीच शिक्षणाची साधने झाली. त्या पंक्तीत परातीतील रेती बसवण्यास हरकत नसावी.

आमची स्वतःची आई अंगठा करीत असे. ती वाडीत केळीचे घड उतरवी, आणि आम्ही फण्या मोजून तिला हिशेब सांगत असू. क्रुसाची खूण आणि जपमाळेची रहस्ये आम्ही तिच्याकडून शिकलो, तेही विहिरीवर, भांडी घासताना. तिला कुणी शिक्षिका म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही. सेमिनरीतून सुटीवर आलो की तिची प्रार्थनेतील उच्चारांची चूक दाखवीत असू. ती ओशाळून हसे. नाझरेथच्या घरात तीस वर्षे काय घडले, यावर शुभवर्तमान जवळजवळ मौन पाळते. मार्क एवढेच सांगतो, की लोक प्रभूला 'सुतार' म्हणून ओळखत. मूळ ग्रीक शब्दात बांधकाम करणारा कारागीर हाही अर्थ सामावतो. म्हणजे त्या घरातही कुणीतरी दोरी धरायला शिकवले असेल, आणि कुणीतरी भुसा झाडता झाडता स्तोत्रे पाठ करून घेतली असतील.

यंदा त्या घराच्या माजघराचे काम निघाले आहे. स्वयंपाकघर पुरे झाले. पवित्र कुटुंबाची तसबीर मात्र अजून खुर्चीवरच आहे, फक्त खोली बदलली. मुलगा बारा वर्षांचा झाला. गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन करण्यासाठी त्याने आपणहून नाव दिले. चार ओळी वाचायला त्याला बराच वेळ लागला. दोनदा तो थांबला, बोटाने अक्षर चाचपले, आणि पुढे गेला. चर्चमध्ये कुणी खोकलेसुद्धा नाही. आम्ही वेदीमागे बसलो होतो. त्याची आई तिसऱ्या बाकावर होती, धाकटा मांडीवर झोपलेला. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

वाचन संपल्यावर तो आमच्यासमोर वाकला आणि जागेवर गेला. आम्ही शुभवर्तमान वाचायला उठलो. त्या दिवशी आमच्याही दोन ओळी चुकल्या.