चूल मांडायची कुठं?

महाडला जायचं म्हटलं की लोक लगेच विचारतात, ‘रायगड चढणार का?’ पाहुणेमंडळी येतात ती पाचाडकडून रोपवेनं गडावर जातात, येताना चवदार तळ्याला वळसा घालतात आणि संध्याकाळी परत. चांगलंच आहे ते. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेबांनी ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तिथं प्रत्येकानं एकदा जाऊन उभं राहायलाच हवं. पण माझं माहेर महाडचं. आम्हां माहेरवाशिणींना गाव आठवतं ते पुराच्या खुणांनी. कुठल्या साली पाणी कितव्या पायरीला लागलं, कुठल्या साली माळ्यावरच्या डब्यांपर्यंत पोचलं, हे आई बोटांवर मोजून सांगायची.

यंदा छबिन्याच्या निमित्तानं गेले, ती मात्र पदराला एक पुडी बांधून. घेवड्याच्या बियांची पुडी. तिची गोष्ट आधी सांगते.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या महाडात शिरल्या. आमच्या माहेरचा ओटा, माजघर, स्वैपाकघर सगळं पाण्याखाली. त्याच दुपारी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही त्याच दिवशी दरडी कोसळून जीव गेले. शहर बुडालेलं, रस्ते तुटलेले. तळीयेला बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

आमच्या महिला मंडळानं दोन आठवड्यांनी टेंपो पाठवला. मीही बरोबर होते. पोलादपूरकडच्या एका शाळेत धोकादायक वाड्यांतली कुटुंबं आणून ठेवली होती. आम्ही गाठोडी सोडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, चेन तुटलेला गाऊन, कुणाचा तरी जरीचा शालू, आणि हुक नसलेली ब्लाउजं! त्यातलं एक गाठोडं मीच बांधलेलं. कपाट आवरायला आपल्याला निमित्त झालं होतं, दुसरं काय?

कोपऱ्यात एक बाई गप्प बसून होती. पस्तिशीची असेल. सासू आणि गोठ्यातल्या दोन म्हशी दरडीखाली गेलेल्या, नवरा मुंबईला कामावर. नाव लिहीत नाही. मी विचारलं, ‘‘वहिनी, तुम्हांला काय पाहिजे?’’ तर म्हणाली, ‘‘ताई, लुगडी लय झाली. घेवड्याचा बी मिळाला तर बघा.’’

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. सासूनं वर्षानुवर्षं राखलेलं बियाणं होतं. घेवडा, पडवळ, काकडी, लाल भोपळा. राखेत घोळून, फडक्यात बांधून उतरंडीच्या मडक्यात ठेवायचं, पहिला पाऊस झाला की काढायचं. घर गेलं त्यात मडकंही गेलं. भांडी सरकार देईल, धान्य कुणीही देईल. हे कोण देणार?

मी कागदावर लिहून घेतलं आणि घरी येऊन विसरले. परवा मसाल्याच्या डब्यात तो कागद सापडला.

मुंबईकडून येताना महाडच्या अलीकडे दासगाव लागतं. एके काळचं हे बंदर. खाडी अजून तशीच शांत. २००५ च्या जुलैत अशाच पावसात इथं आणि जुई, रोहन, कोंडिवते या गावांत दरडी येऊन दीडशेहून जास्त माणसं गेली. दासगावच्या काही कुटुंबांनी पुढं दहा-बारा वर्षांहून अधिक काळ पत्र्याच्या शेडमध्ये काढला. ‘तात्पुरती’ शेड! त्या शेडमध्ये जन्मलेलं पोर चांगलं पाचवी-सहावीत गेलं असेल. एस्टीच्या खिडकीतून मी दर वेळी तिकडं पाहते आणि दर वेळी मनात हिशेब करते.

महाडहून वरंध घाटाच्या रस्त्यानं तळीयेकडे जाता येतं. कोंढाळकरवाडीतल्या लोकांसाठी म्हाडानं ६६ घरं बांधली. ती ताब्यात मिळेपर्यंत लोकांनी लोखंडी कंटेनरमध्ये दिवस काढले. कोकणातला मे महिना आणि वर तापलेलं लोखंड, कल्पना करा. नवी घरं ओळीनं, सारखी उभी आहेत. मी लांबूनच पाहिली. कुणाच्या दुःखाच्या अंगणात उभं राहून फोटो काढायला मन होईना, आणि तिथं माझं काही कामही नव्हतं.

शहरातले लोक विचारतात, ‘डोंगराखाली घरं बांधतातच कशाला?’ मीही पूर्वी विचारायची. पण इथं येऊन जरा नजर फिरवा. सपाटी थोडी, आणि जी आहे ती नदीकाठची, म्हणजे पुराची. शेतं उतारावर, झरा डोंगरात, सरपण डोंगरावर. घर पायथ्याशी असलं की बाईची पाण्याची एक खेप वाचते. पुनर्वसनाची जागा शोधताना अडतं ते इथंच. जागा सुरक्षित मिळाली तर शेत लांब पडतं, आणि शेताजवळची सुरक्षित असेलच असं नाही.

छबिना झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलादपूरची एस्टी धरली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत आपलंच राज्य असतं. पोलादपूर म्हणजे आंबेनळी घाटाचं तोंड. वर प्रतापगड, महाबळेश्वर. पलीकडे तानाजीचं उमरठ. डोंगर देखणे, पण शेती तोकडी. म्हणून इथल्या घराघरातला एक तरी पुरुष मुंबईला. गिरण्या होत्या तेव्हा लालबाग-परळला गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, वळकटी खुंटीला, आणि जेवायला खाणावळ. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, ते आपण वाचलेलं असतं. परक्या मुलखात माणूस टिकतो तो आधी गावच्या माणसांच्या आणि मग कुणातरी बाईच्या चुलीच्या आधारानं, हे या तालुक्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

फरक एवढाच की तेव्हा पुरुष जायचा आणि चूल गावी राहायची. दिवाळी-शिमग्याला परत यायला जागा असायची. दरडीनं चूलच हलवली. आता नवरा मुंबईत परका आणि बायको पोलादपुरात परकी.

पत्ता शोधत गेले. वहिनी गावातच भाड्याच्या खोलीत राहते. सरकारी यादीचं तिचं अजून भिजत घोंगडं आहे, त्यात शिरत नाही. घरमालकीण तोंडानं फटकळ. मी ओळख सांगितली तर म्हणाल्या, ‘‘आता आलात? बसा.’’ योग्यच होतं.

चहा घेता घेता कळलं ते असं. आल्यावर पहिले सहा महिने वहिनी खोलीबाहेर निघत नसे. नळावर भांडण व्हायचं, कारण नवीन बिऱ्हाड म्हणजे दोन हंडे जास्त. रेशनकार्ड, आधार, मुलाचे शाळेचे दाखले, सगळं मातीत गेलेलं. कार्ड नाही म्हणून रेशन नाही, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून गॅस नाही; एका कागदासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी पहिला. आणि मुलाला शाळेत पोरं ‘दरडवाला’ म्हणायची. तो शाळेत जाईना.

मालकीणबाईंनी काय केलं? तहसिलीत तिच्याबरोबर तीन वेळा रांगेत उभ्या राहिल्या. शाळेत जाऊन मास्तरांना दोन शब्द सुनावले. नळावर सांगितलं, ‘‘ही माझी भाची आहे, पाणी भरू द्या.’’ आणि मागच्या परसात चार विटा देऊन म्हणाल्या, ‘‘इथं चूल मांड.’’ खोलीत शेगडी होती. पण चुलीवरची तांदळाची भाकरी झाल्याशिवाय या बाईला घर लागणार नाही, हे त्यांना न सांगता कळलं.

मला एकदम वळिवड्याची आठवण झाली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ तिथं पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्या वसाहतीत कुटुंबागणिक स्वतंत्र स्वैपाकघर होतं. मोठ्या मुदपाकखान्यातून ताटं वाढून काम भागलं नसतं का? भागलं असतं. पण आपल्या हातानं रांधलं की बाईला आपलं घर परत मिळतं.

मी मालकीणबाईंना विचारलं, ‘‘तुम्हांला हे सुचलं कसं?’’ तर त्या बाहेर बघत म्हणाल्या, ‘‘आमची आई कोयनेची. धरणात गाव गेला, तवा लहानपनी हिकडं आली. हितंच लगीन झाला, आमी झालो, नातवंडं झाली. पन मरेपर्यंत तिला ‘धरनवाली’च म्हनाले.’’

कोयनेच्या धरणासाठी १९६० च्या आसपास उठलेली माणसं रायगड, ठाणे, सोलापूर अशी पांगली, हे पुस्तकात वाचलं होतं. त्यांच्यातल्या एकीची लेक माझ्यासमोर बशीत चहा ओतत होती.

वहिनीचा मुलगा आता दहावीला आहे. तो शाळेत जातो, आणि कधी चिडून परतही येतो. मालकीणबाईंच्या भिशीत वहिनीचं नाव आहे, पण दोन घरं अजून तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ‘‘कुठल्या गावच्या, काय, ठाऊक नाही ना त्यांना,’’ ती म्हणाली. चार वर्षं समोरासमोर राहून ठाऊक नाही! मला राग आला. तिला आलेला दिसला नाही.

मग मी पुडी काढली. माझंच हसू झालं. परसात दारापाशी सुपात घेवड्याचे दाणे वाळत घातलेले. पहिल्याच वर्षी बाजारात भाजी विकणाऱ्या एका म्हातारीनं तिला मूठभर बी दिलं होतं. ‘‘सासूचा घेवडा लांब शेंगेचा होता, ह्यो आखूड हाय,’’ वहिनी म्हणाली. तरी तिनं माझी पुडी सोडली, एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि वेगळ्या फडक्यात बांधून ठेवली.

घरी येऊन मंडळात मी बोलले. यापुढं कपडे पाठवायचेच तर नवे, नाहीतर धुऊन, हुक-नाडी बघून. त्यापेक्षा तवा, विळी, कुकर, आतले कपडे, पाळीचे पॅड यांची आधी चौकशी करावी. आणि एक फेरी सहा महिन्यांनी ठेवावी, टेंपो रिकामा असला तरी चालेल. फॉर्म भरता येणारी एक मुलगी बरोबर असली म्हणजे झालं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. चौघी तयार झाल्या आहेत.

निघताना वहिनीनं मला पडवळाच्या बिया दिल्या. आमच्या सोसायटीत मांडव कुठं घालू, म्हटलं, तर म्हणाली, ‘‘गॅलरीत सुतळी बांधा. पन पयला पाऊस झाल्याबिगर लावू नका.’’ एस्टी सुटेपर्यंत ती थांब्यावर उभी होती, आणि शेजारच्या बाईला सांगत होती, ‘‘ह्या आमच्या महाडच्या ताई.’’