उन्हाळी

१
सातारा, एप्रिल. फलक : 'उन्हाळी क्रीडा शिबिर, सकाळी ८ ते ११.' उन्हाळी हा शिबिराचा प्रकार आहे, तसाच लघवीच्या जळजळीचाही. ही दुसरी उन्हाळी लागली तर पोरं सरांना सांगत नाहीत. पोरी तर नाहीच.

२
"सर, पाणी पिऊ?"
"दोन राउंड राहिलेत. पळताना पाणी पिलं की पोटात गोळा येतो."
सरांना हे त्यांच्या सरांनी सांगितलं होतं.

३
तासगाव. बेदाण्याची शेड. द्राक्षं रॅकवर, भोवती शेडनेट. थेट ऊन लागलं तर रंग बिघडतो, दर पडतो. सावलीत वाळायला बारा-पंधरा दिवस.

४
उन्हाला शरीर रुळायलाही दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या दिवशी थोडं, मग रोज जरा जास्त. कोसळणारी पोरं बरीचशी पहिल्याच आठवड्यातली : अंगानं जाड, नुकतीच तापातून उठलेली, किंवा काही झालं तरी मागं पडायचं नाही असं ठरवून आलेली. या तिसऱ्यांना ओळखणं अवघड, कारण सर त्यांचंच कौतुक करत असतात.
शिबिर दहा दिवसांचं. पहिल्या दिवशी 'स्टॅमिना टेस्ट'.

५
ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. पारा ३७ अंशांच्या वर जात असेल, तर दुपारी १२ ते ३ बैल जुंपायचा नाही.

६
मोही, तालुका माण. ललिता बाबर इथल्या. रिओ ऑलिंपिक, २०१६ : स्टीपलचेसची अंतिम फेरी, दहावा क्रमांक. या शर्यतीत पाण्याचा खड्डा सात वेळा ओलांडावा लागतो. माण दुष्काळी तालुका.

७
जून २०१४, मुंबई. पोलीस भरतीची धाव, ५ किलोमीटर. किमान चार उमेदवार दगावले. आता १६०० मीटर.

८
तालमीत 'वजन तोडायचं' म्हणजे खायचं नाही, प्यायचं नाही, अंगावर जाड कपडे चढवून घाम काढायचा. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत असंच वजन तोडताना पाच आठवड्यांत कॉलेजचे तीन मल्ल गेले. मग तिथं नियम बदलले.

९
वळीव पडून गेला की सांगलीत सगळे म्हणतात, बरं झालं, गारवा आला. दुसऱ्या दिवशी पारा खाली, पण हवा दमट. घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. त्या दिवशी सराव दुप्पट.

१०
पायात गोळे आले, चक्कर आली : सावली, पाणी, मीठ-साखर. पण पोरगं असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं. हातात अर्धा तास असतो.
तालमीत हौदा आहे. मातीचा.

११
मैदानाला सगळ्यांत जवळचा बर्फ फाटकाबाहेरच्या रसवंतीवर. दोन लाद्या, खाली भुसा, वर ओलं गोणपाट. दुकान अकराला उघडतं.