शनिवारचा चेलो

कंबोडियातल्या एका अनाथाश्रमात चारेक वर्षांची एक मुलगी आली आणि सरळ माझ्या मांडीवर बसली. आमच्या शिष्टमंडळातल्या बायकांचे डोळे भरून आले. मला मात्र ते खुपलं. या वयाची पोर परकं माणूस दिसलं की आईच्या पदराआड जाते, खाऊ दाखवला तरी एकच डोळा बाहेर काढते. ही लाजली कशी नाही? मग मुलांनी नाच करून दाखवला, आम्ही वह्या वाटल्या, फोटो निघाले. कंबोडियातल्या अशा अनाथाश्रमांमधल्या दर चारांतल्या जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे २०११ सालच्या पाहणीत दिसलं होतं. आई आहे, पण घरात भात नाही, शाळेला पैसे नाहीत. तो भात, ते पैसे त्या आईच्याच हातात पडायला हवेत, असं मला फार वाटतं.

त्या दिवशी शनिवार होता. संध्याकाळी सिएम रीपच्या ‘जयवर्मन सातवा’ या मुलांच्या इस्पितळात गेलो. रंगमंचावर एक खुर्ची, एक चेलो आणि डॉक्टर बेआट रिश्नर. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ. तरुणपणी नॉम पेन्हच्या कांथा बोफा इस्पितळात काम करायचे. १९७५ मध्ये ख्मेर रूजची राजवट आली आणि सगळं सुटलं. १९९२ मध्ये राजा सिहानुकच्या सांगण्यावरून त्यांनी तेच इस्पितळ पुन्हा उभं केलं, मग आणखी काही. उपचार सगळ्यांना फुकट. कांथा बोफा ही सिहानुकची मुलगी, रक्ताच्या कर्करोगानं लहानपणीच गेलेली. आणि जयवर्मन हा अंगकोरचा राजा. आपल्या राज्यात १०२ आरोग्यशाळा असल्याचं त्यानं ता प्रोम मंदिराच्या शिलालेखात कोरून ठेवलंय. अंगकोरच्या मंदिरांच्या आकारानं दिपलेल्या प्रवाशांना हा आकडा कुणी सांगत नाही. मला तो शिखरांहून मोठा वाटतो.

रिश्नर बाख वाजवत. मला चेलो व्हायोलिनपेक्षा जवळचा. त्याच्या खर्जात भारदस्त माया असते. मध्येच थांबून ते बोलत: डेंग्यूबद्दल, क्षयाबद्दल, गरिबांना गरिबीतलंच औषध पुरे म्हणणाऱ्या तज्ज्ञांबद्दल. तेव्हा आवाज चढे. मग मागणं. तरुणांनी रक्त द्यावं, म्हाताऱ्यांनी पैसे, मधल्या वयाच्यांनी दोन्ही. रंगमंचावर एकही मूल नव्हतं. मदतीसाठी कुणाला लोकांपुढे उभं राहायचंच असेल, तर ते डॉक्टर राहतील. मुलं वॉर्डात, आयांच्या कुशीत. देणगी मागण्याची याहून सभ्य रीत मी पाहिलेली नाही.

रिश्नर २०१८ मध्ये गेले. अंगकोर पाहायला जाल तेव्हा आश्रमातल्या मुलांचा नाच बघायला जाऊ नका. वह्यांचे पैसे त्या इस्पितळाला द्या, आणि वय, तब्येत साथ देत असेल तर रक्तही.