पडदा रंगवलेला, सोबत खरी



भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बाजार, रात्री दंडार नाही तर नाटक. लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घर भरलेले असते, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. पूर्वी या मंडईत फोटोवाल्याचे दुकान हमखास लागे. चार बांबू, वर ताडपत्री आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर ताजमहाल, नाही तर कारंजे आणि बगीचा. बाजूला आरसा, फणी, पावडरचा डबा. हवा असेल त्याला अंगात घालायला कोटही मिळे. फोटो त्याच दिवशी हाती येत नसे. रोल धुऊन झाला की फोटोवाला पुढच्या आठवडी बाजाराला पाकिटे घेऊन येई.

ज्या घरात कॅमेरा कधी आलाच नाही, त्या घरातले सगळे फोटो असे मंडईतले, नाही तर पंढरपूरचे. पंढरीत विठ्ठल-रखुमाईच्या चित्रापुढे उभे राहून काढलेला फोटो कितीतरी माळकऱ्यांच्या भिंतीवर आहे. गाभाऱ्यातले दर्शन डोळ्यांत साठवायचे आणि बाहेर येऊन चित्राशेजारी उभे राहायचे. त्यात कोणाला खोटे वाटले नाही.

विचार केला तर आपल्या संतांचे तरी कुठे छायाचित्र आहे? ज्ञानोबा माउलींनी 1296 साली समाधी घेतली. छायाचित्रणाची कला जगापुढे आली 1839 साली. आपण पूजतो ती चित्रे चित्रकारांच्या भावातून उतरलेली. 1936 च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आणि लोकांनी त्या रूपातच तुकोबांना पाहिले. पण संतांनी स्वतःची ओळख चेहऱ्याने ठेवली नाही, सोबतीने ठेवली. जनाबाईंच्या नाममुद्रेत नामदेवांचे नाव आहेच. कोण कोणाच्या शेजारी उभे होते, हे संप्रदायाने सातशे वर्षे जपले.

आमच्या भागात याची प्रचिती वैनगंगेने दिली. पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. पुढे पाणी साचत गेले तशी काठची गावे उठली. देऊळ, पार, काकड्याला जायची वाट, सगळे पाण्याखाली गेले. माणसे वेगवेगळ्या पुनर्वसित गावठाणांत पांगली. सामान बांधताना लोकांनी मंडईतले फोटोही आठवणीने घेतले. त्या फोटोंत गाव कुठेच नव्हते. मागे ताजमहाल होता! पण ताजमहालापुढे काका होते, त्यांच्या खांद्याला खांदा लावून शेजारी होता, पुढे उकिडवी बसलेली पोरे होती. गाव म्हणजे तेच होते.

आमचेही घर त्यात उठले. आई गेली तेव्हा तिचा एकच फोटो घरात निघाला. मंडईतला. शेजारी तिची मैत्रीण, दिंडीत तिच्याबरोबर तुळस घेऊन चालणारी. दोघींची जात वेगळी, माळ एकच. मैत्रिणीचा हात आईच्या खांद्यावर. आम्ही फोटो मोठा करायला नेला. स्टुडिओतला मुलगा म्हणाला, “दुसरी बाई काढून टाकतो, हातही पुसून देतो. कळणारसुद्धा नाही.” बाबा म्हणाले, “नोको. जशा आहेत तशाच राहू दे.”

फोटो आला आणि पेच पडला. तेरवीला हार घालायचा कसा? एक गेलेली, दुसरी हयात. जित्या माणसाच्या फोटोला हार घालणे अशुभ. बाबांनी फोटो नुसताच पाटावर ठेवला, पुढे तुळशीपत्र वाहिले, बुक्का लावला.

मावशी दुसऱ्या गावठाणातून आल्या. बराच वेळ फोटोकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “हार काऊन नाही घातला?” कोणी बोलेना. त्यांच्या ध्यानात आले. म्हणाल्या, “कीर्तनात विणेकऱ्याच्या गळ्यात हार घालता, तो जिताच असते ना? मंग मले काय होते? घाला.” आणि स्वतःच उठून त्यांनी दोघींवर मिळून एकच हार घातला.

माउली, आपण भेटताच एकमेकांच्या पाया पडतो. समोरच्यातला पांडुरंग तो जिवंत असतानाच पाहायची ही शिकवण. मावशींनी त्या दिवशी तीच आचरून दाखवली.

आता मंडईत तो पडदा क्वचितच दिसतो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि वारीत फोटोंना तोटा नाही. पण त्यांत बहुतेक एकेकटे चेहरे असतात, आणि मोबाइल बिघडला की तेही जातात. म्हणून एक विनंती. यंदा दिंडी निघण्याआधी सगळ्यांनी देवळापुढे एकत्र उभे राहावे. जे म्हातारपणामुळे येऊ शकत नाहीत, त्यांना खुर्चीवर मधोमध बसवावे. स्वयंपाकाला राबणाऱ्या बायांना आणि सामानाच्या गाडीच्या चालकालाही बोलवावे. फोटो कागदावर काढून घ्यावा, मागे प्रत्येकाचे नाव आणि साल लिहावे, आणि एक प्रत भजनाच्या वह्यांबरोबर देवळाच्या पेटीत ठेवावी.

रामकृष्ण हरी!