डब्यात वनस्पती किती?

साखरेऐवजी वनस्पतीची गोडी वापरावी का, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि दिघ्यातले एक गृहस्थ आठवले. एमआयडीसीत पाळीची नोकरी, मधुमेह, दिवसभर चहा. साखर सोडून त्यांनी ‘हर्बल’ पावडर धरली होती. कपाला दोन चमचे, निर्धास्तपणे. तरी जेवणानंतरची साखर उतरेना. आहारतज्ज्ञ म्हणून मी डबाच मागवला. घटकांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, स्टीव्हिया शेवटी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हिशेब साधा आहे. स्टीव्हियाच्या पानांतली शुद्ध केलेली ग्लायकोसाइड्स साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखरेची गोडी २० मिलिग्रॅमच्या आसपास भागते. तेवढी भुकटी चमच्याने मोजता येत नाही, म्हणून एरिथ्रिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची भर घालतात. एरिथ्रिटॉलने रक्तातली साखर जवळजवळ वाढत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चचे तुकडे. त्यांचं ग्लुकोज झपाट्याने होतं.

लोक मात्र विचारतात, ‘स्टीव्हियाने कॅन्सर होतो ना?’ या भीतीचं मूळ १९८५च्या एका प्रयोगात आहे. यकृतातल्या एन्झाइमांची जोड दिल्यावर, स्टीव्हियाच्या ग्लायकोसाइडमधून सुटणाऱ्या स्टीव्हिऑलमुळे जिवाणूंत जनुकीय बदल दिसले होते. पण शरीरात काय घडतं? मोठ्या आतड्यातले जिवाणू ग्लायकोसाइडपासून स्टीव्हिऑल सुटं करतात, यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. पुढच्या प्राण्यांवरच्या अभ्यासांत कॅन्सरचा धोका आढळला नाही. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोमागे रोज ४ मिलिग्रॅम, स्टीव्हिऑलच्या हिशेबात. साठ किलोच्या माणसाला ही सुमारे तीस चमचे साखरेची गोडी झाली. भारतात २०१५ मध्ये परवानगी मिळाली. हे सारं शुद्ध अर्काबद्दल. घरी वाळवलेल्या पाल्याला ते लावू नये.

‘झाडपाल्याने काय होतंय’ हे वाक्य ऐकून मी खरोखर थकले आहे. ज्येष्ठमधही गोडच, पण रोज भरपूर घेतलं तर पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. विड्यात गुंजेचा गोड पाला घालतात, त्याच वेलीची बी जहरी.

वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोड पर्याय वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवलं. त्यात स्टीव्हियाही आली. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी ती शिफारस नाही. त्यांनी शुद्ध स्टीव्हिया जरूर वापरावी, पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. बाकीच्यांना माझा सल्ला बिनपैशाचा आहे: चहातली साखर थोडी थोडी कमी करत जा, जिभेला सवय होते. पाळीच्या पगारातून महागडा डबा आणणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला हवं.