जात्यापाशी दोघी

माझ्या सासूबाईंचे माहेर सातारा जिल्ह्यातले, वाईजवळचे, सासर सांगलीचे. स्मृतिभ्रंशामुळे हल्ली त्या मला ओळखत नाहीत. दिवेलागणीला ‘घरी जायचंय’ म्हणून व्याकूळ होतात. मन रमावे म्हणून मी वाद्यवृंदासह भक्तिगीते लावी. त्या कानांवर हात ठेवत.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून जमलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आज ‘पारी’च्या संग्रहात आहेत. त्यांतील काही एके सायंकाळी ऐकवल्या. ना पेटी, ना तबला. केवळ कष्टकरी बायांचा आवाज. नातू कंटाळून उठला. सासूबाईंचा हात मात्र खुंटा धरल्यासारखा फिरू लागला आणि थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच्या भावाचे नाव गुंफून ओवी म्हटली.

गाणे हे औषध नव्हे. हरवलेली स्मृती त्याने परतत नाही. तरी आपल्या माणसाच्या तरुणपणीचे सूर शोधा, आवाज मंद ठेवा, अस्वस्थता दिसताच थांबवा. आणि मुख्य म्हणजे, जवळ बसा.

त्या सायंकाळीही त्यांनी मला ओळखले नाही. केवळ म्हणाल्या, ‘‘बाई, अशी समोर बस. दोघींनी ओढलं की जातं हलकं होतं.’’