पीळ

आमच्या कोल्हापूरच्या घरातल्या देव्हाऱ्याला चार खांब होते. गेल्या पावसाळ्यात तीन उरले. मागचा डावा खांब वाळवीनं आतून खाल्ला होता, वरची पॉलिशची साल तेवढी शाबूत होती. आई शिळी फुलं काढत होती, तिचं मनगट टेकलं आणि खांब खारीसारखा चुरला. तिनं व्हिडिओ कॉलवर मला भुसा दाखवला. मागं पप्पा उभे होते. ते काहीच बोलले नाहीत.

देव्हारा माझ्या आज्ज्यानं केलेला. आज्जा सुतार. पप्पा पॅटर्नमेकर. हे काम काय असतं ते मला कॉलेजात दर वेळी समजावून सांगावं लागायचं, तेव्हा इथंही सांगतो. फाउंड्रीत बीडाचा एखादा भाग ओतायचा, तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून अलगद काढली की पोकळी राहते आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड जातं. गार होताना ते आकसतं, मीटरमागं साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा तेवढा मोठा. सातवीत मी चुकून ती पट्टी शाळेत नेली होती. त्या दिवशी माझा प्रत्येक त्रिकोण थोडा थोडा मोठा आला आणि मी बाईंचा ओरडा खाल्ला.

पप्पांनी मला पटाशीला कधी हात लावू दिला नाही. 'तू आपलं डोकं वापर' एवढंच म्हणायचे. सीएनसी आल्यावर त्यांचं काम हळूहळू कमी झालं. मग मधुमेहानं बोटांच्या टोकांची जाणीव गेली. पॅटर्न गुळगुळीत झाला की नाही हे डोळ्यांना नाही, बोटांना कळतं. जाणीव गेली तशी मागच्या शेडला कुलूप लागलं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

मी मात्र पुण्यात, त्यांना न सांगता, दोन वर्षं लाकडात हात घालून बसलो होतो. रविवारी आम्ही चार-पाच हौशी लोक जमतो. एक निवृत्त दंतवैद्य आहेत, एक बँकेतले काका, बाकी आयटीवाले. मशीन, ब्लेड, क्लँप या विषयांवर या मंडळींचं तासाभरात एकमत होतं. पॉलिशवर मात्र दोन वर्षांत झालेलं नाही. कुणी मेलामाइनवाला, कुणी पीयूवाला, दंतवैद्य तेलवाले. मी त्या भांडणात कधी पडलो नव्हतो, कारण मला मशीनचं वेड.

त्यातही ऑर्नामेंटल मिलचं. साधा लेथ लाकूड गरगर फिरवतो आणि तुम्ही हत्यार धरता. या मिलमध्ये उलटं आहे. फिरतं ते राउटरचं पातं, आणि लाकूड त्याच्याखाली अगदी सावकाश वळतं. राउटर पुढं सरकताना लाकूडही वळलं की खांबावर पीळ उमटतो. लाकूड न वळता राउटर सरळ गेला तर उभी पन्हळ पडते. हा छंद मुळात बड्या लोकांचा. रशियाचा पीटर द ग्रेट लेथवर हस्तिदंत कातत बसायचा. लंडनच्या होल्ट्झाप्फेल घराण्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उमरावांना नक्षीचे लेथ विकले आणि कातकामावर पाच जाडजूड खंड काढले, त्यातला १८८४चा पाचवा तर नुसत्या नक्षीवर आहे. गेल्या शतकात अमेरिकेत सीअर्सनं 'राउटर क्राफ्टर' नावाचं छोटं यंत्र विकायला आणलं आणि ही हौस गॅरेजात पोचली. पुढं लेगसी नावाच्या मोठ्या मिल आल्या. त्या माझ्या ऐपतीबाहेर. मी राउटर क्राफ्टरचं तत्त्व घेऊन जुन्या बाजारातल्या भंगारातून माझी मिल जुळवली.

तत्त्व सोपं आहे. लाकूड ज्या दांड्याबरोबर वळतं त्यावर एक लाकडी ड्रम. ड्रमला गुंडाळलेली पोलादी तार राउटरच्या गाड्याला बांधलेली. गाडा ओढला की तार ड्रमला फिरवते, ड्रम लाकडाला. लाकडाच्या एका पूर्ण फेरीत गाडा ड्रमच्या परिघाइतका सरकतो. म्हणजे पिळाची लांबी हवी तेवढा परीघ. तार उलट्या बाजूनं गुंडाळली की पीळ उलटा. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी बाल्कनीत एकटाच हसलो होतो. सोसायटीनं आवाजाबद्दल नोटीस दिली ती त्याच आठवड्यात.

मी मिल डिकीत घातली आणि गणपतीला वीस दिवस असताना कोल्हापुरात आलो. पप्पांनी शेडची किल्ली दिली. मिलभोवती एक चक्कर मारली, तार बोटानं ताणून पाहिली आणि आत गेले.

उरलेले खांब मोजले. पिळाचा भाग ४५० मिलिमीटर, त्यात बरोबर तीन वेढे, दोन पदर. म्हणजे एका वेढ्याला १५०. आज्ज्यानं कागदाची पट्टी खांबावर तिरकी गुंडाळून रेघ मारली असणार आणि मग करवत नि पटाशी. त्याचे वेढे १४८, १५२ असे थोडे इकडंतिकडं होते. माझा ड्रम ४७.७५ व्यासाचा, परीघ १५०. जुन्या घराच्या चौकटीचं सागवान होतं, दोनच खांब निघतील एवढं. आधी पॅकिंगच्या लाकडावर करून बघावं हे मला सुचलं नाही असं नाही. मला गरज वाटली नाही. ऑफिसात टेस्ट न करता कोड चढवणाऱ्यांना मी कसं बोलतो ते आठवून आजही कान गरम होतात.

खांब सुंदर आला. सागवानातला तो कच्च्या चामड्यासारखा वास, बारीक छिलपे. मी तो देव्हाऱ्यात शेजारच्या खांबाला लावून धरला. खालून दोन्ही पीळ एकत्र निघाले आणि वर जाता जाता वेगळे झाले. तिसरा वेढा पुरा व्हायला जवळपास १९ मिलिमीटर कमी पडत होते. मी गणित तीनदा केलं. बरोबर होतं.

दारात पप्पा उभे होते. किती वेळ होते कोण जाणे.

"तारेची जाडी धरलीस का?"

मी नुसता बघत राहिलो.

"तार ड्रमच्या अंगावरनं नाही, तिच्या स्वतःच्या मध्यावरनं वळते. दोन मिलीची तार म्हणजे व्यासात दोन मिली वाढले."

४९.७५ गुणिले पाय म्हणजे १५६.३. तीन वेढ्यांत १९ मिलिमीटर. ज्या माणसानं चाळीस वर्षं खोटा मीटर खरा धरून काम केलं, त्याला हे मोजावं लागलं नाही. त्यांनी खराब खांब उचलला, कानामागची पेन्सिल काढली (ती तिथं होती हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं) आणि बुडाशी लिहिलं, १५६.३. पॅटर्नवर नंबर टाकतात तसं. मग तो फळीवर ठेवून दिला.

दुसरा ड्रम ४५.७५चा. दुसरा खांब चपखल बसला. पुढची चूक पॉलिशची, तीही माझीच. पन्हळीत पॉलिश पेपरच्या अरुंद पट्ट्या ओढून ओढून मी बोटं सोलून घेतली आणि वर पीयू मारलं, कारण ते टिकाऊ आणि चटकन होणारं. खांब लिमलेटच्या गोळीसारखा चकाकू लागला. बाकीचे तीन त्याच्या शेजारी आजारी वाटत होते.

आई म्हणाली, चारीही रंगवून टाका. मीही त्याच विचारात होतो. पप्पांनी स्पिरिटची बाटली आणली आणि जुन्या खांबाच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी एक थेंब लावला.

"हात लाव. चिकटतंय का?"

चिकटत होतं.

"मग लाखच आहे. पीयू खरवडून काढ."

लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर किड्यांनी सोडलेली राळ. झारखंडातून ती देशभर जाते. तिचे पापुद्रे म्हणजे चपडा. तो स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला की पॉलिश तयार. पप्पा पॅटर्नला तेच लावायचे, कारण ओल्या वाळूतला ओलावा लाकडात शिरता कामा नये. मला त्यांच्या शेडचा वास म्हणून जो आठवतो तो याचा आहे, हे मला त्या दिवशी समजलं. पीयू एकदा वाळलं की त्यावरचा नवा हात वेगळाच थर राहतो. लाखेचं तसं नाही. नव्या हातातलं स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि दोन्ही एक होतात. आज्ज्याचा थर पन्नास वर्षं जुना, तरी तो अजून विरघळायला तयार होता.

पीयू खरवडण्यात दोन दिवस गेले. लाखेच्या पहिल्याच हाताला खांब पांढुरका पडला. बाहेर धो धो पाऊस. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं आणि हवेतली वाफ त्यावर धरते. पप्पा म्हणाले, थांब. ऊन पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी दिवसभर शेडमध्ये लॅपटॉप घेऊन मीटिंगा केल्या आणि खिडकीतून आभाळ बघितलं. चौथ्या दिवशी उघडलं. नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवल्यावर पांढरेपणा गेला.

त्या दुपारी चारही खांब शेडमध्ये मांडले. पप्पांनी कापसाचा बोळा केला, त्यावर धुतलेल्या मलमलचं फडकं बांधलं, लाखेत बुडवून तळहातावर दाबून पाहिलं. मी घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिला नाही.

"मी फिरवतो. मला कळत नाही आता, कुठं ओढ लागते ते. तू मागनं बोट ठेव आणि सांगत राहा."

त्यांनी आज्ज्याच्या खांबापासून सुरुवात केली. खालून वर, पिळाच्या अंगानं, हात कुठंही न थांबवता. मी मागच्या बाजूनं एक बोट टेकवत गेलो. पहिला वेढा. दुसरा वेढा.

"डाव्या अंगाला चिकटतंय," मी म्हणालो.

त्यांनी हात उचलला, फडक्याला तेलाचा एक थेंब लावला.

"आता?"